कळ

बद्रियाबाईंनी घड्याळ रुमालाच्या गाठीतून सोडवलं
आणि सुपारी ठेवावी तसं ठेवलं माझ्या टेबलावर,
मनामाच्या जुन्या बाजारामागे, दुसऱ्या मजल्यावर,
जिथे एसीचं पाणी बादलीत ठिबकतं
आणि पणिक्कर त्याला सेकंदकाटा म्हणतो.

तबकडी शिंपल्याची.
त्यांचे सासरे मोत्यांसाठी बुड्या मारायचे,
नाकाला चिमटा, पायाला धोंडा.
मुलाकडे पैसा आला तेव्हा त्यानं मोती घेतला नाही,
शिंपला बांधला मनगटावर.

त्यावर चार वर्तुळं: वार, तारीख, महिना, चंद्र.
महिन्याच्या पोटात आणखी एक, तांदळाच्या कणीएवढं,
लीप वर्षाला किती अवकाश आहे ते सांगणारं.
ज्यानं हे आखलं त्याला गर्दी ठाऊक असणार.
आमच्या गल्लीत एका खोलीत सात जण निजतात,
तसे निजवलेत आकडे,
कुणाचं कोपर कुणाला लागत नाही.

आकडे अरबी. त्यांचा नऊ माझ्या एकासारखा,
त्यांचा पाच म्हणजे माझं पूज्य.
पहिल्या वर्षी मी एका गिऱ्हाइकाची तारीख
आठ दिवसांनी चुकवली होती.
पगारातून कापले तेही मोजून आठ दिवस.
आता चुकत नाही. काटा थांबलाय नवावर, महिना नोफम्बर.

‘ते सातला गेले,’ बाई म्हणाल्या.
मनगट नसलं तरी हे दोन दिवस चालतं,
हे मी त्यांना सांगितलं नाही. त्यांना माहीत होतं.

अकरा वर्षं. पणिक्कर बोटांवर हिशेब करतो:
चाकाला चारच वर्षं कळतात,
दोन फेरे सरळ सोडून दे,
तीन वर्षं ढकल, झालं.
तबकडीला पत्ताही लागायचा नाही.

मी मोडक्या अरबीत हे सांगितलं.
बाईंनी अबायाची बाही सावरली.
‘सगळी लाव, उम्म मृण्मयी.
मी कुठे सोडली?’

बाजूची कळ, टाचणीच्या डोक्याएवढी.
एकदा दाबली की एक दिवस. मागे येत नाही.
चार हजार अठरा वेळा.
तिसाचा महिना आपोआप वळतो, एकतिसाचा थांबतो,
फिब्रायर आला की आत काहीतरी
अंधारात पायरी चाचपल्यासारखं करतं.

पहिल्या दुपारी मी कुडाळच्या त्या श्रावणातून गेले
जेव्हा रजा मिळाली नव्हती.
बोट थांबलं नाही. टक्. पुढचा वार.
मृण्मयीचा दहावीचा निकाल. टक्.
मग विमानं बंद होती ते महिने:
तबकडीवर इतर महिन्यांएवढेच रुंद,
तेच शिंपल्याचं पाणी, तोच गुलाबी झाक मारणारा कोपरा.
बाई समोर खुर्चीत बसून होत्या.
मधूनच एखाद्या दाबाला ओठ हलायचे.
कोणता दिवस, ते मी विचारलं नाही.
त्यांनीही मला विचारलं नाही.

चंद्र मी भिंतीवरच्या दिनदर्शिकेवरून लावला,
कालच्या संकष्टीच्या चंद्रोदयाला जुळवून.
रमजान या घड्याळाला ठाऊक नाही,
आमचा अधिक महिनाही नाही.
एवढ्यापुरत्या बाई आणि मी एका बाजूच्या.

दुसऱ्या संध्याकाळी, शेवटाकडे,
अजानला सुरुवात झाली आणि पणिक्करनं दिवा लावला
आणि माझं बोट एकदा जास्त दाबलं गेलं.
काट्यानं उद्याची तारीख दाखवली.

मी घामाघूम. मागे फिरवायला गेलं तर दाते तुटतात,
पुढे जायचं तर पुन्हा चार वर्षं.
बाई वाकून बघत राहिल्या,
आणि दोन दिवसांत पहिल्यांदा हसल्या,
तोंडावर हात ठेवून, मुलीसारख्या.

चावी ओढून घड्याळ थांबवलं.
रात्रभर राहू दे इथेच, त्या म्हणाल्या,
उद्या येईल की इथवर.

शटर ओढताना मी एकदा आत पाहिलं.
बादली भरत आली होती.